कृष्णवर्णीयांच्या इतिहासाची साधने

जगाच्या इतिहासात काही समाजांची नोंद राजे म्हणून झाली, काहींची रयत म्हणून, आणि काहींची निव्वळ माल म्हणून. मालाच्या वहीत माणसाचे नाव लिहिण्याची रीत नसते; संख्या लिहिली की काम भागते. अशा नावाविना नोंदल्या गेलेल्या लोकांच्या वंशजांनी पुढे स्वतःचा इतिहास लिहावयास घेतला, तेव्हा त्यांनी तो कोणत्या साधनांवरून लिहिला, आणि त्या इतिहासाचा उत्सव करण्याची रीत कशी पडली, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. मराठी वाचकांस तो परका वाटण्याचा संभव आहे. परंतु या इतिहासाचे एक दालन आपल्याच घरात असून त्याची किल्ली आपण फारशी शोधलेली नाही, असे माझे मत आहे. ते कितपत सयुक्तिक आहे हे वाचकांनीच शेवटी ठरवावे.

अमेरिकेत दरवर्षी फेब्रुवारी महिना कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना म्हणून पाळला जातो. या प्रथेचा आरंभ १९२६ साली एका आठवड्याच्या रूपाने झाला; म्हणजे २०२६ साली तिला शंभर वर्षे होतात. आणि त्याच वर्षी, आपल्या दख्खनमध्ये राज्याचा गाडा हाकलेल्या मलिक अंबर नामक हबशाच्या मृत्यूला चारशे वर्षे होतात. हा योग अर्थातच आकस्मिक आहे. तथापि दोन्ही गोष्टी एकाच विस्तृत इतिहासाच्या आहेत. आणि पहिलीची हकीकत नीट समजली म्हणजे दुसरीकडे कसे पाहावे हे कळू लागते. यास्तव आरंभ अमेरिकेपासून करू.

या सप्ताहाचे जनक कार्टर गॉडविन वुडसन हे होत. त्यांचा जन्म १८७५ साली व्हर्जिनिया राज्यात झाला. त्यांचे आईबाप पूर्वी गुलाम होते. घरच्या गरिबीमुळे त्यांस तरुणपणी कोळशाच्या खाणीत काम करावे लागले, आणि माध्यमिक शाळेत त्यांचे पाऊल पडले ते वयाच्या विसाव्या वर्षी. त्यानंतर मात्र दोन वर्षांत त्यांनी ते शिक्षण पुरे केले. पुढे शिकागो विद्यापीठाच्या पदव्या घेतल्या, आणि १९१२ साली हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. कृष्णवर्णीयांपैकी ही पदवी हार्वर्डमध्ये त्यांच्या आधी एकट्या डु बॉइस यांसच मिळाली होती.

एवढे शिकूनही वुडसन यांच्यापुढे एक प्रश्न उभाच होता. ज्या ग्रंथांवरून आपण परीक्षा दिल्या, त्यांत आपला समाज आहे कोठे? आफ्रिकेस इतिहासच नाही, असे हेगेलसारख्या तत्त्वज्ञाने आपल्या व्याख्यानांत सांगून टाकले होते, आणि ते मत विद्यापीठांतून मुरले होते. अमेरिकेतील पाठ्यपुस्तकांत कृष्णवर्णीय मनुष्य येई तो कापसाच्या मळ्यात राबणारा म्हणून. त्याहून अधिक काही त्याने केले असेल अशी शंकाही कोणास येत नसे. या मतांचे खंडन वुडसन यांनी वादविवादाने केले नाही. ९ सप्टेंबर १९१५ रोजी त्यांनी शिकागो येथे मोजक्या सहकाऱ्यांसह निग्रो समाजाचे जीवन व इतिहास यांच्या अभ्यासासाठी एक मंडळ स्थापिले, आणि १९१६ च्या जानेवारीत त्याचे त्रैमासिक सुरू केले. (त्या काळी 'निग्रो' हा शब्द त्या समाजातील विद्वान स्वतःही वापरीत. आज तो मागे पडला असून येथे केवळ ऐतिहासिक नावांपुरता ठेविला आहे.) पत्रे, करारनामे, खानेसुमारीची पत्रके, चर्चच्या नोंदी, जुनी वृत्तपत्रे, असे जे जे कागद हाती लागतील ते मिळवावे, तपासावे आणि छापावे, हा त्यांचा क्रम होता.

मराठी वाचकास येथे इतिहासाचार्य राजवाडे यांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड त्यांनी १८९८ साली काढला, आणि १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. गावोगावी फिरून, माळ्यावरची दप्तरे धुंडाळून, वाळवीच्या तोंडातून कागद सोडविण्यात त्यांचे आयुष्य गेले. परक्याने लिहिलेला आपला इतिहास जर खोटा वाटत असेल, तर नुसता राग उपयोगाचा नाही; अस्सल कागद पुढे आणला पाहिजे, हे मर्म पुण्याच्या आणि शिकागोच्या या दोन अभ्यासकांस जवळजवळ एकाच काळी उमगले होते. फरक एवढाच की, राजवाड्यांच्या हाती राज्यकर्त्यांची दप्तरे होती. वुडसन यांस ज्यांचा शोध घ्यावयाचा होता त्या बहुसंख्य लोकांस अक्षर शिकण्याचीच कायद्याने बंदी होती.

त्रैमासिक विद्वानांपर्यंत पोहोचे. शाळेतील मुलांपर्यंत पोहोचत नसे. म्हणून १९२६ च्या फेब्रुवारीत वुडसन यांनी 'निग्रो इतिहास सप्ताह' जाहीर केला. फेब्रुवारीचाच आठवडा का, यासही कारण होते. गुलामगिरी नष्ट करणारा अध्यक्ष अब्राहम लिंकन याचा जन्मदिवस १२ फेब्रुवारी, आणि स्वतः गुलामगिरीतून पळून येऊन तिच्याविरुद्ध आयुष्यभर झगडलेला वक्ता व लेखक फ्रेडरिक डग्लस याचा १४ फेब्रुवारी. हे दोन्ही दिवस त्या समाजात आधीच पाळले जात होते. त्यांतही डग्लसच्या तिथीची कथा चटका लावणारी आहे. आपला जन्म कोणत्या दिवशी झाला हे त्यास कधीच कळले नाही. गुलामाच्या मुलास जन्मतिथी सांगण्याची गरज धन्यास वाटत नसे. १४ फेब्रुवारी हा त्याने स्वतः मानून घेतलेला दिवस. ज्या माणसापाशी स्वतःच्या जन्माचाही कागद नव्हता, त्याच्या मानलेल्या जन्मतिथीभोवती इतिहासाचा हा सप्ताह गुंफला गेला, यापरते समर्पक काय असावे?

सप्ताहासाठी मंडळाकडून शिक्षकांस चित्रे, पाठ, छोटी नाटके आणि वाचावयाच्या पुस्तकांच्या याद्या पाठविल्या जात. दक्षिणेकडील वेगळ्या काढलेल्या शाळांतून तुटपुंज्या पगारावर काम करणाऱ्या शिक्षक-शिक्षिकांनी तो खऱ्या अर्थाने चालविला. १९३७ साली शाळांसाठी स्वतंत्र मासिकही निघाले. या साऱ्या उद्योगात वुडसन यांची भूमिका लक्षात ठेवण्याजोगी होती. वर्षभर जे शिकले त्याची या सात दिवसांत उजळणी व्हावी, असे त्यांस वाटे. सात दिवस आरास करून उरलेले वर्ष पुस्तक मिटून ठेवणे त्यांस मान्य नव्हते. केवळ आपल्याच समाजाची वेगळी गाथा रचण्यापेक्षा, जगाच्या इतिहासात आपल्या समाजाचे जे स्थान आहे ते दाखवावे, आणि एक दिवस असा यावा की या सप्ताहाची गरजच उरू नये, हे त्यांचे उद्दिष्ट होते.

वुडसन १९५० साली वारले. पुढे नागरिक हक्कांच्या चळवळीनंतर ओहायो राज्यातील केंट स्टेट विद्यापीठाच्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी १९७० च्या फेब्रुवारीत सप्ताहाचा महिना केला. १९७६ साली, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीत, अध्यक्ष फोर्ड यांनी त्यास मान्यता दिली, आणि १९८६ साली काँग्रेसने तसा ठराव संमत केला. ब्रिटनमध्ये १९८७ पासून ऑक्टोबर महिना याच कारणासाठी पाळला जातो.

उत्सवाची हकीकत एवढीच. त्याच्यामागे साधनांचा जो संभार उभा राहिला तो अधिक महत्त्वाचा. ज्या १९२६ साली सप्ताह सुरू झाला, त्याच साली पोर्तो रिकोमध्ये जन्मलेल्या आर्थर शोंबुर्ग या संग्राहकाची ग्रंथसंपत्ती न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाने दहा हजार डॉलरांस विकत घेतली. काळ्या लोकांस इतिहास नसतो, असे लहानपणी एका शिक्षकाने ऐकविल्यावरून शोंबुर्ग यांनी हा संग्रह आरंभिला, असे सांगतात. हार्लेममध्ये त्यांच्या नावाचे केंद्र आज या विषयाच्या अभ्यासकांचे तीर्थक्षेत्र झाले आहे. १९३६ ते १९३८ या काळात अमेरिकन सरकारच्या एका योजनेखाली, गुलामगिरी स्वतः भोगलेल्या वृद्ध स्त्रीपुरुषांच्या तोंडून तेवीसशेंहून अधिक निवेदने लिहून घेण्यात आली. ती वाचताना एक सावधगिरी मात्र बाळगावी लागते. लिहून घेणारे बहुतेक गोरे होते, आणि दक्षिणेतील दरिद्री म्हातारा त्यांच्यासमोर किती मोकळेपणाने बोलला असेल याचा विचार वाचकाने करावयाचा असतो. अलीकडे अटलांटिक महासागरावरील सुमारे ३६,००० गुलामवाहू सफरींची नोंद संशोधकांनी एकत्र केली आहे. तिच्यावरून अंदाज निघतो तो असा की, आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सुमारे सव्वा कोटी माणसे गलबतांत चढविली गेली, आणि पलीकडच्या किनाऱ्यावर एक कोटी सात लाख उतरली. उरलेल्या अठरा लाखांचा हिशेब समुद्रानेच पुरा केला.

परंतु आफ्रिकेतून माणसे नेणारा समुद्र अटलांटिक एकटाच नव्हता. दुसरा समुद्र आपल्या अंगणाला लागून आहे. मी राहतो ते कोपर गाव उल्हास नदीच्या खाडीकाठी आहे. ही खाडी ठाण्यावरून वसईपाशी अरबी समुद्रास मिळते, आणि तिच्या वरच्या अंगास असलेल्या कल्याण बंदराचे नाव इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात आलेले आहे. कोपरच्या स्थानकावरून एक लोहमार्ग वसईकडे जातो, एक पनवेलीकडे म्हणजे दक्षिण कोकणाच्या दिशेस, आणि मुख्य मार्ग कल्याणवरून घाट चढून नाशिकास. या तिन्ही वाटांच्या टोकांशी आफ्रिकी माणसांच्या इतिहासाची साधने पडलेली आहेत.

ठाणे १७३७ पर्यंत आणि वसई १७३९ पर्यंत फिरंग्यांकडे होती. त्यांच्या घरांतून व पलटणींतून मोझांबिकच्या किनाऱ्यावरून आणलेले गुलाम असत. आपल्याकडे त्यांस काफ्री म्हणत. गोव्यातही हीच स्थिती होती. तेथून निसटून ज्यांनी घाटावरच्या रानांत आसरा घेतला, त्यांचे वंशज म्हणून उत्तर कानडा जिल्ह्यातील यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या भागांतील सिद्दी समाज ओळखला जातो. हे लोक कोकणी बोलतात आणि त्यांच्या बोलीत मराठी व कानडी मिसळलेली आहे. २००३ साली कर्नाटकात त्यांस अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, आणि २०२० साली शांताराम सिद्दी हे त्या समाजातील पहिले गृहस्थ कर्नाटकाच्या विधान परिषदेवर गेले. या समाजाचा इतिहास कागदांपेक्षा गाण्यांत, ढोलाच्या तालांत आणि घरच्या म्हाताऱ्यांच्या आठवणींत अधिक आहे. तेही साधनच होय. ते मात्र वाळवीने खात नाही, माणसाबरोबर जाते.

दख्खनच्या पठारावरचा सर्वांत मोठा हबशी म्हणजे मलिक अंबर. त्याचा जन्म १५४८ च्या सुमारास इथिओपियात झाला. मूळ नाव चापू. डच व्यापाऱ्याच्या टिपणावरून कळते की, तांबड्या समुद्रावरील मोखा बंदरात तो ऐंशी गिल्डरांस विकला गेला. तेथून बगदाद, आणि मग निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याच्या घरी अहमदनगरास. हा चंगीझखानही हबशीच, आणि कधी काळी गुलामच. धन्याच्या मृत्यूनंतर अंबर मुक्त झाला, लष्करात चढत गेला, आणि १६०० साली अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतल्यावर बुडणारी निजामशाही त्याने पुढे पाव शतक तरंगती ठेविली. १६१० साली त्याने खडकी शहर वसविले. तेच पुढचे औरंगाबाद, आणि आजचे छत्रपती संभाजीनगर. त्या शहरास जमिनीखालून खेळविलेले नहराचे पाणी ही त्याचीच करणी. त्याच्या जमीनमहसुलाच्या पद्धतीची आठवण 'मलिकंबरी धारा' या शब्दाने मराठी दप्तरांत मागे राहिली. १६२४ साली भातवडीच्या लढाईत त्याने मोगल व आदिलशाही यांच्या एकवटलेल्या फौजांचा मोड केला. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी कामास आले. मराठ्यांनी पुढे ज्या गनिमी काव्याने नाव मिळविले, त्याच्या शाळेत अंबरचे नाव वगळून हजेरीपट पुरा होत नाही.

आता या एका माणसाची साधने पाहा. बादशहा जहांगीर याने आपल्या आत्मचरित्रात त्यास शिव्यांवाचून क्वचितच संबोधिले आहे. त्याच्या दरबारातील चित्रकार अबुल हसन याने काढलेल्या एका चित्रात बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा राहून भाल्यावर टोचलेल्या अंबरच्या मस्तकावर बाण मारीत आहे. हे चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. असा प्रसंग कधीच घडला नाही. अंबर १६२६ साली, अठ्ठ्याहत्तरीच्या घरात, अजिंक्य स्थितीत वारला. उलट पक्षी त्यास १६१७ साली भेटलेल्या पीटर व्हॅन डेन ब्रुके या डच व्यापाऱ्याने त्याच्या कारभाराची माहिती आस्थेने लिहून ठेविली. शिवछत्रपतींच्या पदरच्या कवींद्र परमानंदाने 'शिवभारता'त त्याच्या पराक्रमाचा गौरव केला. आणि मोगलांचाच बखरकार मुतमदखान यास त्याच्या मृत्यूनंतर त्याची थोरवी मान्य करावी लागली. द्वेष, व्यवहार, आदर आणि निरुपाय, अशा चार तऱ्हांचे हे चार साक्षीदार एकमेकांस ताडून पाहिले म्हणजे इतिहास हाती लागतो.

कोकणातील जंजिऱ्याच्या सिद्दींची गोष्ट याहून अवघड आहे. कारण तेथे आपण स्वतःच एक पक्ष आहो. मुरुडजवळच्या त्या जलदुर्गावर शिवाजीमहाराजांनी प्रयत्न केले, १६८२ साली संभाजीमहाराजांनी केले, १७३३ साली बाजीरावांनी मोहीम काढली. किल्ला पडला नाही. १६८९-९० मध्ये सिद्दी याकुतखानाने इंग्रजांच्या मुंबईसच वेढा घालून त्यांस जेरीस आणले. १७३६ साली चिमाजीअप्पांनी सिद्दी साताचा पाडाव केला तेव्हा मराठी मुलखात केवढा आनंद झाला असेल, हे ब्रह्मेंद्रस्वामींची पत्रे वाचणाऱ्यास सांगावयास नको. जंजिऱ्याचे संस्थान १९४८ पर्यंत टिकले. आपल्या शाळांतून सिद्दी येतो तो स्वराज्याचा वैरी म्हणून, आणि तो वैरी होता यात असत्य काही नाही; त्याने कोकणच्या रयतेस दिलेला ताप खरा आहे. परंतु आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आलेल्या लोकांनी परक्या समुद्रात आरमार उभारले आणि तीन शतकांहून अधिक काळ एक राज्य सांभाळले, हेही तितकेच खरे आहे. शत्रूचा इतिहास शत्रू म्हणूनच वाचावयाचा असेल, तर जहांगिराच्या चित्रकारास आपण कोणत्या तोंडाने हसावे?

तिसरी वाट नाशिकची, आणि माझ्या मते ती सर्वांत मोलाची आहे. अंबर व सिद्दी हे सेनापती आणि राजे. त्यांची नोंद शत्रूनेही घेतली. सामान्य गुलामाची नोंद सापडते ती नाशिकजवळच्या शरणपूर येथे. १८४३ च्या पाचव्या कायद्याने इंग्रजी मुलखात गुलामगिरीचे कायदेशीर अस्तित्व संपले होते, परंतु पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर अरबी व्यापाऱ्यांचा धंदा चालूच होता. इंग्रजी आरमाराने पकडलेल्या गलबतांतून सुटलेली मुले मुंबईस उतरविली जात. त्यांपैकी कित्येकांस चर्च मिशनरी सोसायटीने विल्यम साल्टर प्राइस यांच्या शरणपूरच्या वसाहतीत ठेविले. तेथे त्यांस अक्षरओळख झाली. सुतारकाम, लोहारकाम असे हाताचे धंदे शिकविले गेले. त्यांची मूळ नावे बहुधा गेली आणि बाप्तिस्म्याची इंग्रजी नावे आली, ही गोष्ट विसरता येत नाही. पण नावे आली, आणि नावांबरोबर लेखणीही आली.

१८६५ साली प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन मुंबईस आला तेव्हा शरणपूरच्या नऊ तरुणांस त्याने बरोबर घेतले. ज्याची त्याने पूर्वी गुलामांच्या तांड्यातून सुटका केली होती तो चुमा, मुंबईच्या डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत शिकून, त्याच्यासोबत परत आफ्रिकेत गेला. १८७२ साली नाशिकचे आणखी काही तरुण लिव्हिंगस्टनच्या मदतीस धाडले गेले. त्यांत जेकब वेनराइट होता. १ मे १८७३ रोजी लिव्हिंगस्टन आफ्रिकेच्या अंतर्भागात मरण पावला. चुमा, सुसी आणि त्यांच्या सोबत्यांनी त्याचे काळीज तेथेच झाडाखाली पुरले. प्रार्थना वाचली ती जेकब वेनराइटने, आणि झाडाच्या खोडावर अक्षरे कोरली तीही त्यानेच. मग मीठ लावून वाळविलेला देह खांद्यावर घेऊन ही मंडळी शेकडो कोस चालत समुद्रकिनाऱ्यास आली. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर मठात लिव्हिंगस्टनचे दफन झाले, तेव्हा पेटीला खांदा देणाऱ्यांत नाशिकच्या शाळेचा हा विद्यार्थी होता. चुमा व सुसी इंग्लंडास पोहोचले ते दफन आटोपल्यावर. परंतु लिव्हिंगस्टनच्या अखेरच्या रोजनिशीची छपाईसाठी सिद्धता झाली ती त्यांनी दिलेल्या माहितीच्या आधाराने.

वेनराइटने त्या प्रवासाची दैनंदिनी ठेविली होती. तिचे जर्मन भाषांतर १८७४ सालीच छापले गेले, आणि मूळ प्रत आता डिजिटल रूपात कोणासही वाचता येते. नाशिकचाच केरस फॅरार याचे निवेदन १९५० साली छापून प्रसिद्ध झाले. माल म्हणून गलबतात भरलेल्या मुलांनी जगप्रसिद्ध प्रवाशाच्या मृत्यूची साक्ष स्वतःच्या अक्षरांत लिहून ठेवावी, आणि ती अक्षरे त्यांनी गोदावरीकाठी गिरविलेली असावीत, ही गोष्ट आपल्या एकाही शालेय पुस्तकात ठळकपणे यावयास नको काय? १८७५ च्या सुमारास नाशिक व मुंबईकडील शंभरांहून अधिक आफ्रिकी स्त्रीपुरुष मोंबासाजवळच्या फ्रिअर टाउन या नव्या वसाहतीत गेले. तिला नाव मिळाले ते मुंबईचे पूर्वीचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांचे. पूर्व आफ्रिकेतील आरंभीचे कित्येक शिक्षक व धर्मोपदेशक या 'मुंबईकर आफ्रिकनां'तले होते.

ज्या १८७३ साली नाशिकचे तरुण तो देह खांद्यावर घेऊन चालत होते, त्याच साली जोतीराव फुले यांचे 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील गुलामांस मुक्त करण्यासाठी ज्या सज्जनांनी स्वार्थत्याग केला, त्यांस जोतीरावांनी तो ग्रंथ अर्पण केला आहे, आणि आपल्या देशबांधवांनीही तोच कित्ता गिरवावा अशी इच्छा व्यक्त केली आहे. अटलांटिकपलीकडच्या दास्याचा धागा आपल्या समाजातील दास्याशी जोडणारा हा मराठीतील थोर प्रयत्न होय. पुढे हार्लेमला लागून असलेल्या कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या डॉ. आंबेडकरांनी १९४६ साली डु बॉइस यांस पत्र लिहून, अमेरिकन निग्रोंनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली. डु बॉइस यांनी त्यास उत्तरही दिले. १९७२ साली मुंबईत निघालेल्या दलित पँथरने आपले नावच अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले. अमेरिकेच्या इतिहासाकडे मराठी माणसाने याप्रमाणे शंभर वर्षे डोळसपणे पाहिले. शरणपूरकडे मात्र त्याची पाठ राहिली.

यावर कोणी असे म्हणेल की, आपल्याकडची गुलामगिरी सौम्य होती. एरवी गुलामाचा पेशवा कसा झाला असता? हा युक्तिवाद दिसावयास गोंडस आहे, पण टिकणारा नाही. अंबर चढला म्हणून त्याच्याबरोबर मोखाच्या बाजारात उभी असलेली इतर मुले चढली असे होत नाही. आणि स्वतः विकला गेलेला अंबर आपल्या फौजेत हबशी गुलामांची भरती करीतच होता. दख्खनची रीत अटलांटिकच्या मळ्यांहून वेगळी होती, गुलामास शस्त्र व अधिकार मिळण्याचा मार्ग येथे मोकळा होता, हे खरे. म्हणून विकत घेतलेल्या माणसाची आई कोणत्या गावी रडत राहिली असेल, हा प्रश्न काही मिटत नाही. डोंगराएवढ्या एका अंबरकडे बोट दाखवून पायथ्याच्या हजारोंस विसरणे हाही विस्मृतीचाच एक प्रकार आहे.

मग आपण करावे काय? आणखी एक जयंती सुरू करावी असे मी सुचवीत नाही. आपल्या दिनदर्शिकेत जयंत्यांची वाण नाही. वुडसन यांचा क्रम उलटा होता, आणि तोच योग्य होता. आधी साधने, मग शिक्षक, आणि शेवटी उत्सव. साधने आपल्यापाशी आहेत. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे नाशिक आणि कुलाबा-जंजिरा हे दोन्ही खंड १८८३ चे असून आज घरबसल्या उघडता येतात. अंबरविषयी तामसकर यांचा १९७८ चा ग्रंथ आहे. रिचर्ड ईटन यांच्या दख्खनच्या सामाजिक इतिहासात (२००५) त्याच्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. उमर अली यांचे लहानसे चरित्र २०१६ साली निघाले. अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या वाङ्मयाचा परिचय जनार्दन वाघमारे यांनी मराठीत करून दिलेला आहे. २०१३ साली न्यूयॉर्कच्या शोंबुर्ग केंद्राने भारतातील आफ्रिकनांविषयी प्रदर्शन भरविले, आणि त्यात दख्खनच्या हबशांस मानाचे स्थान दिले. खुलताबादेतील अंबरची कबर हार्लेमच्या वाचकांस ठाऊक व्हावी, आणि वेरूळच्या लेण्यांस जाणाऱ्या आमच्या सहलींनी ती वाटेत असून वगळावी, ही स्थिती भूषणावह म्हणता येणार नाही.

सुशिक्षित कुटुंबांस याहून सोपा एक मार्ग आहे. मुलांस घेऊन जंजिऱ्यास जाल तेव्हा, हा किल्ला कोणी घेतला नाही, एवढे सांगून थांबू नका. तो ज्यांनी राखला ते कोठून, कसे आणि कोणाच्या इच्छेने आले, हेही सांगा. नाशिकास शरणपूर रस्त्यावरून जाल तेव्हा जेकब वेनराइटचे नाव एकदा घ्या. फेब्रुवारीत एखाद्या शाळेने मुलांकडून अंबरविषयी जहांगीर काय म्हणतो आणि परमानंद काय म्हणतो हे समोरासमोर ठेवून वाचून घेतले, तर इतिहास कसा तपासावा याचा धडा त्यांस एका तासात मिळेल. आणि यल्लापूरच्या एखाद्या सिद्दी मुलीने आपल्या वर्गातील पुस्तक उघडले असता त्यात आपले पूर्वज केवळ वैरी किंवा केवळ गुलाम म्हणून भेटू नयेत, त्यांचे सारे भलेबुरे कर्तृत्व तिला तेथे वाचावयास मिळावे, एवढी व्यवस्था करणे हे आपल्या पिढीच्या शिक्षकांचे आणि पाठ्यपुस्तककारांचे कर्तव्य आहे. वुडसन यांस आपला सप्ताह एक दिवस अनावश्यक व्हावा असे वाटत होते. आपल्याकडे तो सुरू होण्यापूर्वीच अनावश्यक करण्याची संधी आहे; ती साधण्यासाठी लागणारे कागद आपल्या ग्रंथालयांत वाचकाची वाट पाहत पडले आहेत.